आरशाबाहेरची फणीवाली

जनानखाना म्हटलं की लोकांना अत्तर, पडदे आणि सवतींची भांडणं आठवतात. फणीवालीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, तिथला निम्मा दिवस ओले केस वाळवण्यात जायचा.

केस विंचरायची खोली गच्चीला लागून होती. एका भिंतीला दगडी जाळी, तिच्यातून फरशीवर सांडलेले उन्हाचे कवडसे, मधोमध चौरंग आणि समोर हा एवढा थोरला आरसा. लग्न होऊन आली त्याच वर्षी फणीवाली सासूच्या जागी कामाला लागली. पहिल्याच दिवशी तिथल्या कारभारणीने दटावलं, "आरशात फक्त राणीसाहेब दिसल्या पाहिजेत. तुझं थोबाड दिसलं तर गाठ माझ्याशी आहे!"

असले नियम कोणाच्या डोक्यातून निघतात कोण जाणे. पण फणीवालीने पाळला. धाकट्या राणीसाहेब चौरंगावर बसल्या की ती मागच्या दाराने यायची, मान खाली घालून, अंग चोरून विंचरायची आणि त्या उठायच्या आत निघून जायची. वर्षानुवर्षं त्या केसांची तिला नस न् नस माहीत; तिचं तोंड मात्र राणीसाहेबांनी धड पाहिलेलं नाही.

गप्पा मात्र चालायच्या. केस फणीत अडकलेले, त्यामुळे राणीसाहेबांना मान वळवता यायची नाही. त्या विचारायच्या, "खाली चौकात कोण चाललंय गं?" फणीवाली जाळीतून डोकावायची आणि मनाला येईल ते ठोकून द्यायची.

"खोटं बोलतेस."

"खोटं खरं, पण कंटाळा गेला की नाही?"

पुढे राणीवसा मोडला. राणीसाहेब परगावी गेल्या, दारांना कुलपं लागली. फणीवाली घरी बसली, पण मनाने त्याच खोलीत राहिली. "धाकट्या राणीसाहेब माझ्याशिवाय कोणाला केसांना हात लावू द्यायच्या नाहीत," हे ऐकून ऐकून गल्लीचे कान किटले.

मग राजवाड्याचं संग्रहालय झालं. उद्घाटनाला राणीसाहेब येणार, जुन्या नोकरांनाही बोलावणं होतं.

"आई, त्यांनी ओळखलं नाही तर?" सूनबाईने विचारलंच. "गल्लीत हसं होईल हो."

"तू चल आणि बघ," फणीवाली म्हणाली. पण एवढी वर्षं सांगितलेलं सगळं आता त्या एका क्षणावर येऊन ठेपलं होतं.

खोली तीच होती. चौरंगाभोवती लाल दोरी बांधली होती आणि आरशासमोर खुर्चीत राणीसाहेब बसल्या होत्या, पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा घालून. जुनी माणसं एकेक करून पुढे जात होती. आचारी गेला, शिंपीण गेली. राणीसाहेब सगळ्यांकडे बघून सारखंच हसत होत्या. म्हणजे कोणालाच ओळखत नव्हत्या.

फणीवालीची पाळी आली आणि बाईने काय करावं? सरळ खुर्चीमागे जाऊन मान खाली घालून उभी राहिली! सूनबाई दातओठ खात खुणावतेय, "अहो, समोर! समोर!" पण फणीवालीचं लक्ष कुठलं? अंबाड्यातला एक आकडा निसटला होता. तिचा हात गेला, तिने बट आत खोचली.

"हळू गं!" राणीसाहेब आरशाकडे बघतच ओरडल्या. "अजून ओढतेसच!"

मग मान न वळवता त्यांनी हलकेच विचारलं, "खाली चौकात कोण चाललंय?"

फणीवाली जाळीपाशी गेली. खाली स्कूटरींची रांग आणि पाण्याच्या बाटल्या विकणारा माणूस. "दोन हत्ती," ती म्हणाली, "आणि मागून एक वरात."

"खोटं बोलतेस." राणीसाहेबांनी डोळे पुसले. "ये, आता आरशात ये. कोण ओरडतंय तुला?"

पहिल्यांदाच त्या दोघी आरशात शेजारी शेजारी दिसल्या.

"अगं बाई, तू एवढीशी? हाताच्या जोरावरून मला वाटायचं, चांगली धिप्पाड असशील!"

दुसऱ्या दिवशी नळावर सूनबाई साऱ्या गल्लीला ते ऐकवत होती. तिच्या सांगण्यात हत्ती चार झाले होते. उंबऱ्यात बसून केस विंचरणाऱ्या फणीवालीने ते ऐकलं, आणि दुरुस्त केलं नाही.