आईने ऐंशी वर्षं जपलेली कबर

माझी आई ऐंशी वर्षं चुकीच्या कबरीवर फुलं ठेवत होती.

हे मीच शोधून काढलं. आणि नंतर बरेच दिवस वाटत राहिलं, कशाला शोधलं.

आज आईला जाऊन एक वर्ष झालं, म्हणून लिहिते आहे.

आई चार वर्षांची असताना तिची आई, म्हणजे माझी आजी रत्नाबाई, वारली. आजोबा राहुरीच्या वरच्या अंगाला, मुळा नदीकाठच्या एका लहान गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते. आजी गेल्यावर ते लेकीला घेऊन नगरला आले.

नगरच्या आमच्या कब्रस्तानात कडुलिंबाखाली एक बिनदगडाची कबर आहे. "ही तुझी आजी," असं आईने मला लहानपणी दाखवलं.

दर ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही तिला चुना लावायचो. पहाटेच्या उपासनेनंतर मोगरा ठेवायचो.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी, जरा नखरेल. फ्रॉकला चुना लागला की कुरकुरायचे.

आई म्हणायची, "फ्रॉक धुता येतो."

चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिने माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या.

"आईच्या कबरीवर नावाचा दगड बसव. आणि मला तिच्या शेजारी ठेव. चारच वर्षं मिळाली गं मला तिच्याजवळ."

दगड बसवायचा तर चर्चच्या दफन रजिस्टरमधली नोंद लागते. ती आणायला मी ऑफिसात गेले. जुनी रजिस्टरं सांभाळणाऱ्या सायमनमामांनी एका पानावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हितं तुमची आजी न्हाई."

"नीट बघा ना मामा. कडुलिंबाखालची."

"तीच बघतोय. भिंतीकडनं तिसरी रांग, दुसरी कबर. सगुणाबाई. मिशनच्या दवाखान्यात पानी भरायची. वय अंदाजे तीस. नातेवाईक कोनी न्हाई."

"लिहिणाऱ्याची चूक झाली असेल."

"लिहिनारा माझा आजा हुता, बाई. लई कडक. माप घेतल्याबिगर लेखनी उचलायचा न्हाई."

आम्ही टेप घेऊन जाऊन मोजलंसुद्धा. आजा बरोबर होता.

मग आजी कुठे?

लायब्ररीत मिशनच्या जुन्या मासिकाचे बांधीव अंक आहेत. पानं हात लावताच तुटतात. तीन आठवडे रोज जात होते. शिंकून शिंकून बेजार.

त्यात निधनवार्तांचं एक पान असायचं. तिथे आजोबांच्या नावाने पाच ओळी सापडल्या.

आजी बाळंतपणात गेली. बाळही गेलं. त्याच संध्याकाळी दोघांना गावाबाहेर नदीकाठी मूठमाती दिली. घरात लहान मुलगी आहे, तिच्यासाठी प्रार्थना करावी, अशी वाचकांना विनंती.

त्या गावावर आता मुळा धरणाचं पाणी आहे.

हे आईला कसं सांगायचं? मी दोन आठवडे टाळलं.

"दगडाचं काय झालं?"

"कारागीर गावाला गेलाय."

"इकडे बघून बोल. प्रोग्रेस बुक लपवायचीस तेव्हा असंच तोंड करायचीस."

साठी उलटली तरी आईपुढे खोटं टिकत नाही. मी मासिकाची झेरॉक्स तिच्या हातात दिली. सगुणाबाईंचंही सांगितलं.

तिने भिंग लावून वाचलं. दोनदा.

"म्हणजे दादा माझ्याशी खोटं बोलले."

दोन दिवस ती आजोबांच्या, म्हणजे तिच्या दादांच्या, फोटोकडे पाठ करून बसली. खरंच. खुर्ची फिरवून.

तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता बोलली. "मी जेवत नव्हते. रोज विचारायचे, आई कुठे आहे. एक दिवस दादांनी मला खांद्यावर घेऊन तिथे नेलं. म्हणाले, इथे झोपली आहे, उठवू नकोस."

मग म्हणाली, "त्या दिवशी मी जेवले."

आणि उठून खुर्ची सरळ केली.

आम्ही गाडी करून धरणावर गेलो. आईला हट्टाने पाण्याच्या काठापर्यंत जायचं होतं. माझा हात घट्ट धरून ती उभी राहिली.

"केवढं पाणी आहे गं."

मग हळूच, "आईला पोहता येत असेल का?"

मी फुलं पाण्यात सोडली. वाऱ्याने ती पुन्हा काठाला आणली. आम्ही पुन्हा सोडली.

परतताना राहुरीत उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलो. आई एकदम म्हणाली, "मग सगुणाबाईंकडे कोण यायचं?"

"कोणीच नाही. नातेवाईक नाहीत असंच लिहिलंय."

"म्हणजे मीच."

मी भीत भीत विचारलं, "आई, आणि तुझी जागा? आता कुठे?"

"तिथेच. माझं लग्न ठरलं ते मी तिला सांगितलं. तू झालीस ते सांगितलं. तुझे बाबा गेले तेव्हा तिच्याचजवळ जाऊन रडले. आता ती कोणी नाही असं कसं म्हणू?"

दगड घडवायला दिला. त्यावर सगुणाबाईंचं नाव आलं. कारागिराने फोन करून विचारलं, "म्याडम, खाली कुनाकडून म्हनून टाकू?"

मी आईकडे पाहिलं.

"मुलीकडून," आई म्हणाली.

मागच्या वर्षी आईला तिथेच, सगुणाबाईंच्या शेजारी ठेवलं. तिच्या दगडावर मी तिच्या नावाखाली लिहून घेतलं: रत्नाबाईंची मुलगी.

दोन्ही खरं आहे.

आई, अजूनही सकाळी चहाचे दोन कप काढले जातात. मग एक परत ठेवते.

तुला आणि सगुणाबाईंना माझा प्रेमाचा नमस्कार. आणि आजी, तुला मी कधी पाहिलं नाही, पण तुलाही.

प्रभू तुम्हा तिघींना विसावा देवो.