रविवारची नोंद

चौऱ्याऐंशीच्या सुमारास मुलुंडला आमच्या शेजारचा टायपिस्ट रोज सकाळी बायबल घेऊन बसायचा आणि वाचलेल्यावर डायरीत दोन ओळी लिहायचा. लिहिताना त्याचे ओठ हलायचे. त्याच्या नादाने मीही वही केली. फक्त शनिवारी बसून आठवडाभराच्या नोंदी एकदम उरकायचो, रोजच्या वाटाव्यात म्हणून पेनं बदलून.

एका शनिवारी माझी वही चाळताना तो थांबला. "काय रे, उद्या चर्चमध्ये तुझे डोळे भरून आले?"

उत्साहात मी रविवारही लिहून टाकला होता.

त्याने आपली डायरी पुढे केली. कितीतरी पानांवर एवढंच होतं : आज वाचलं नाही, कंटाळा आला.

"एवढं लिहिलंस तरी चालतं ना," तो म्हणाला.

मी घरी येऊन रविवारचं पान फाडलं. बाकीचे सहा दिवस तसेच ठेवले. ते खरे आहेत, असंच तो शेवटपर्यंत समजत होता.