लग्न लागायचं राहिलेलं

माझी बायको गेली त्याच वर्षी आपला पालघर जिल्हा नवा झाला. लोक पेढे वाटत होते आणि मी सरावलीच्या घरात भिंतीला टेकून बसलेला. ती गेली म्हणजे सकाळी चहा ठेवला, खाली बसली, आणि उठलीच नाही. आदल्या दिवशी तिने वाल भिजवून फडक्यात बांधून खुंटीला लावले होते. दिवस-कार्य उरकल्यावर माझं लक्ष गेलं तर मोड फडक्यातून बाहेर लोंबत होते. मी ते सोडले नाहीत आणि फेकलेही नाहीत. शेवटी सुनेने फेकले.

मी शिकलेला माणूस नाही. सातवी नापास. डहाणूच्या कोर्टात शिपाई होतो, तिथूनच रिटायर झालो. नाव पुकारायचं, माणूस आला की आत सोडायचा, हे माझं काम. आत गेलेला माणूस पुढे कुठे जातो ते बघायचं काम शिपायाचं नसतं.

गरिबांना फुकट वकील मिळतो, त्या कामावरची एक तरुण वकीलबाई मला कोर्टापासून ओळखायची. ती घरी आली आणि म्हणाली, "काका, घरात बसून बसून तुम्ही मरणार. माझ्याबरोबर चला. तुम्हाला पाड्यांवरची बोली समजते, मला समजत नाही."

मी म्हटलं, मरायचंच आहे मला.

"मग फिरता फिरता मरा," ती म्हणाली.

असा मी पॅरालीगल, म्हणजे वकिलांचा गावोगावचा मदतनीस झालो. गळ्यात फोटोचं कार्ड आलं. पाड्यावरचे लोक मला कोर्टवाला आजा म्हणायला लागले. वकीलबाई जन्मठेपेच्या कैद्यांची कामं बघायची. जन्मठेपेच्या माणसाने पुष्कळ वर्षं काढली की त्याला लवकर सोडावं का याचा विचार सरकार करतं. त्यासाठी जेलचा अहवाल लागतो, पोलिसांचा लागतो. गावात कुणाचा विरोध आहे का, बाहेर आल्यावर त्याला घरात घेणारं कोण आहे, हे पोलीस पाड्यावर येऊन विचारतात. ते यायच्या आधी आम्ही जायचं, लोकांना समजवायचं, दाखले गोळा करायचे. जिल्हा नवा, त्यामुळे कुठला कागद कुठे द्यायचा हे विचारण्यातच माझे निम्मे दिवस जायचे. मला बरंच वाटायचं. तेवढा वेळ घरी जावं लागत नसे.

तलासरीच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीजवळच्या एका पाड्यावरचा माणूस आमच्याकडे आला. म्हणजे त्याची केस आली, माणूस नाशिकच्या जेलमध्ये. तरुणपणी बांधावरून भांडण झालं, हातातलं लाकूड समोरच्याच्या डोक्यात बसलं, तो जागेवर गेला. त्याचे आईबाप तो आत असतानाच वारले. पोर झालं होतं ते जगलं नाही. मागे एकटी त्याची बाई.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने मला बाज टाकून दिली आणि स्वतः जमिनीवर बसली. हाडकुळी, बोलायला खणखणीत, मधूनच गुजराती घुसडायची. चिकूच्या वाडीत कामाला जायची, खोकायची. मी तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, "दादा, तो कवा येतो तेवढं सांग. आमचं लगीन लावायचं राहिलंय."

त्यांच्यात तशी रीत आहे. दोघं एकत्र राहायला लागतात, घर करतात, पोरं होतात. गाठीला धान्य आणि पैसा जमला, सगळ्यांना जेवण घालता आलं, की मग लग्न लागतं. ते लावायला धवलेरी येते, लग्नाची गाणी जाणणारी म्हातारी. आईबाप आणि पोरगी एकाच मांडवात उभे राहिलेले मी डोळ्यांनी बघितलेत. त्यात कुणाला लाज वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. हिचं आणि त्याचं तेवढंच व्हायचं होतं, आणि तो आत गेला.

आम्हाला भीती होती ती मेलेल्याच्या भावाची. त्याने विरोध केला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. तो शेजारच्या पाड्यावर राहायचा. मी गेलो की हा माणूस आपला बांबू चिरत बसायचा, वर बघायचा नाही. शेवटी एकदा बोलला.

"आमचं मिटलंय. पंचांसमोर मिटलंय. तुमच्या कोर्टाचं मिटलं नाय ते तुम्ही बघा."

मिटलंय म्हणजे काय ते मला नंतर समजलं. ती बाई दर पावसात त्याच्या शेतावर लावणीला जायची. मजुरी घ्यायची नाही. त्यांचा हात गेला म्हणून हिने आपला दिला, असं पंचांनी ठरवलं होतं.

वकीलबाई इतकी खूश झाली की आशागडला जीप थांबवून तिने मला भजी खायला घातली. अवघड होतं ते झालं, म्हणाली.

मग उत्तर आलं. नामंजूर. तिने ते मला कोर्टाच्या बाहेर बाकावर बसून वाचून दाखवलं. भावाचा विरोध नाही, गावाचा नाही, जेलमधली वागणूक चांगली. पण कैदी अविवाहित आहे आणि सुटल्यावर त्याला सांभाळणारा नातेवाईक कोणी नाही.

पाड्यावर चौकशी करून गेलेल्या हवालदाराकडे मी तसाच गेलो. घाटावरचा होता तो, वाईट माणूस नव्हता. त्याने मला खुर्ची दिली. म्हणाला, "काका, मी तिला दोनदा विचारलं, तुझं त्याच्याशी लग्न झालंय का. दोन्ही वेळा नाही म्हणाली. मी काय माझ्या मनाने लिहू?"

त्याच्या गावात जी बाई लग्न झालं नाही म्हणते ती परकीच असते.

बाईकडे गेलो आणि भडकलो. मी म्हटलं, नाही कशाला म्हणालीस?

"लागलं नाय तं काय बोलू?"

"पुन्हा विचारायला येतील तेव्हा हो म्हण. एक शब्द आहे. त्याच्यावर तो माणूस सुटतो."

"आन मंग तो आल्यावर लगीन कसं लावायचं? झालं बोलले तं झालं. दोन वेळा लागतंय काय?"

ती चेष्टा करत नव्हती. पोलिसासमोर, चार माणसांत, झालं म्हणून सांगायचं, आणि मग त्याच माणसांना मांडवात जेवायला बोलवायचं, हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं. मी पुष्कळ समजावलं. शिव्या दिल्या म्हटलं तरी चालेल. तिने मला चहा करून दिला आणि चहाबरोबर सांगितलं, "दादा, एवढी वर्षं मी कशापायी थांबले? खोटं बोलायला?"

मी धवलेरीकडे गेलो. म्हटलं, नवरा नसताना लावता येईल का. म्हातारीच्या तोंडात दात नव्हते, पण हसली पोटभर. "नवऱ्याबिगर मी कुणाचं लावू, तुझं?" म्हणाली.

मग वकीलबाईने लग्नासाठी त्याला थोड्या दिवसांची सुट्टी मागितली. सुट्टीवर यायलासुद्धा त्याची हमी घेणारा नातेवाईक लागतो. म्हणजे तो आल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय तो येत नाही. मी हे कोर्टातल्या जुन्या लोकांना सांगितलं तर ते हसले. नंतर मीही कुणाला सांगायचं बंद केलं.

पुन्हा अर्ज करायला मध्ये वेळ जावा लागतो. तो वेळ गेला. मी नाशिकला त्याला भेटायला जायचो. जाळीच्या पलीकडे लहानखुरा माणूस, केस पांढरे, हातावर सुतारकामाचे घट्टे. केसबद्दल विचारायचा नाही. आमच्या ताडांवर आता कोण चढतं, विचारायचा. एकदा म्हणाला, "ती खोकते काय अजून?" मी म्हटलं, थोडं. थोडं नव्हतं. सिल्वासाच्या दवाखान्यात मीच तिला नेली होती. टीबी होता. गोळ्या सुरू केल्या, मध्येच सोडल्या, पुन्हा सुरू केल्या. गोळ्या घेतल्या की अंगात कामाची ताकद राहत नाही म्हणायची.

मग ते भूकंपाचे दिवस आले. जमीन रोज हलायची, कधी नुसता आवाज यायचा. डहाणू-तलासरीकडची माणसं घरं सोडून शेतात प्लास्टिक ताणून झोपायला लागली. ऐन थंडीत. टीबीची बाई, उघड्यावर. मी घरी आलो आणि कपाटातली गोधडी काढली. माझ्या बायकोने शिवलेली, आत तिचीच जुनी लुगडी. सून म्हणाली, आईंची तेवढी राहू द्या. मी म्हटलं, कपाटाला थंडी वाजत नाही.

दुसऱ्या वेळच्या चौकशीला तोच हवालदार त्या थंडीत शेतावर आला. ती गोधडी गुंडाळून उन्हात बसली होती. मेलेल्याचा भाऊ तिच्या प्लास्टिकच्या मांडवाला लावायला बांबू घेऊन आलेला, तो तिथेच चिरत बसला. मी बाईच्या बाजूला. आदल्या दिवशीही तिला हात जोडून सांगितलं होतं.

हवालदाराने यावेळी मऊ आवाजात विचारलं, "बाई, नीट आठवून सांगा. लग्न झालंय ना तुमचं?"

"नाय."

मी डोकं हातात धरलं. हवालदाराने माझ्याकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि लिहायला घेतलं. तेवढ्यात मागून भाऊ बोलला, "माझ्याकडे लिही."

"तू कोण त्याचा?"

"त्याने मारला ना, त्याचा भाऊ."

हवालदाराचा हात थांबला. भावाने कोयता खाली ठेवला नाही, बांबू चिरता चिरताच सांगितलं. "ही आमच्याकडे लावणीला येते. आता हिची छाती गेली. तो येऊ दे, तो लावील. राहील माझ्याकडे."

"अरे, पण नातं काय लिहू?"

"तुला येतं ते लिही."

बाई हसायला लागली, हसता हसता खोकली. खोकला थांबल्यावर त्याला म्हणाली, "फुकट नाय येणार तो. लग्नाचं जेवण घालावं लागंल तुला."

"बघू," तो म्हणाला.

तिला असं हसताना मी त्याच्या आधी कधी बघितलं नव्हतं. हवालदाराने काय लिहिलं मला माहीत नाही, पण बराच वेळ लिहीत होता.

ती चैत्रात गेली. महालक्ष्मीची जत्रा होती. निरोप मिळाला तसा मी निघालो आणि विवळवेढ्याला हायवेवर गाड्यांत अडकलो. जीपमधले बाकीचे नारळ, फुलं घेऊन उतरून चालायला लागले. मी बसून राहिलो. पोचलो तेव्हा तिला बाहेर काढून ठेवली होती, माझ्या बायकोच्या गोधडीत. कुणीतरी म्हणालं, आजा, गोधडी काढून देऊ काय? मी नको म्हटलं. ती तिच्याबरोबर गेली.

जेलला कळवायचं होतं. भाऊ म्हणाला, नको. तिथे एकटा काय करील, कुणाजवळ रडेल? आला की सांगू. मला ते पटलं. वकीलबाईलाही शेवटी पटलं.

पाऊस लागून लावणी तोंडावर आली तेव्हा हुकूम आला. सुटका. वकीलबाईने फोनवर सांगितलं. फोन तसाच चालू राहिला.

आणायला मी आणि भाऊ गेलो. छोट्या दारातून तो वाकून बाहेर आला, हातात कापडाचं गाठोडं. भावाला बघून थबकला. पायाशी वाकायला गेला तर भावाने पाय मागे घेतले. मग तो माझ्याकडे वळला. कितीतरी दिवस मनात धरून ठेवल्यासारखं पहिलं त्याने हेच विचारलं.

"आजा, धवलेरी हाय ना अजून?"

भाऊच बोलला.

"धवलेरी हाय. ती नाय."

त्याने गाठोडं खाली ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा उचललं. आम्ही स्टँडकडे चालायला लागलो. भावाने त्याच्या हातातलं गाठोडं मागितलं, त्याने दिलं नाही.

एसटीत भाऊ पुढच्या सीटवर झोपून गेला. जव्हारच्या घाटात गाडी हळू झाली, बाहेर पाणीच पाणी. मला वाटलं तोही झोपला असेल. तर तो माझ्याकडे बघत होता.

"तुमची बाई घरी असंल," म्हणाला.

"गेली."

त्याने विचारलं, "लगीन लागलेलं?"

"लागलेलं."

"मंग तुमचं बरं," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.