भरलेली एसटी

आमच्या गावात कुणालाच कुठं जायची घाई नसायची. वांगी-दोडकी टेम्पोनं बाजारात जायची, ऊस ट्रॅक्टरनं कारखान्याला, आणि माणसं बांधावर बसून दोघांची चौकशी करायची. त्यामुळं सकाळची इंदापूरची एसटी गावात यायची ती रिकामी, आणि परत जायची ती माझ्या एकटीसाठी. गावातनं कॉलेजला जाणारी पहिली पोरगी मी. तोरा तर असणारच.

एके दिवशी कंडक्टरनं सांगितलं, सोमवारी साहेब येऊन बघणार आहेत, माणसं नसली तर गाडी बंद. वडील म्हणाले, गाडी बंद तर कॉलेजही बंद, एवढ्या लांब पोरीला सायकलवर धाडायचं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण माझे चुलते, तात्या, म्हणजे एक नंबरचे उपद्व्यापी. टेम्पो चुकला की वांग्याच्या पाट्या एसटीत टाकायचे, त्यावरनं त्यांचं कंडक्टरशी कायमचं वाकडं. तरी त्यांनी संध्याकाळी विहारापुढं आमची वस्ती गोळा केली आणि फर्मान सोडलं: सोमवारी घरटी एक माणूस इंदापूरला जाणार, काम असो नसो. मग वरच्या आळीत जाऊन तिथल्यांनाही पटवून आले.

सोमवारी थांब्यावर जत्राच भरली. तोंडात एकही दात नसलेली म्हातारी दाताच्या डॉक्टरकडं निघालेली. एकानं काखेत कोंबडी धरलेली. म्हणे रिकाम्या हातानं गेलं तर साहेबाला संशय येतो. आणि आमची आई चक्क लग्नातली साडी नेसून आलेली. मला हसू आवरेना.

साहेब जीपमधनं उतरून बाजूला उभे राहिले. एसटी आली आणि झुंबड उडाली. तात्या एकेकाला आत कोंबत होते. मी शहाणी, साहेबांपुढं शिस्त दाखवायला मागं थांबले. मी चढलेच असेन असं सगळ्यांनी धरलं, कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी गेली. थांब्यावर राहिलो साहेब आणि मी.

त्यांनी विचारलं, कुठं जायचं होतं. कॉलेजला, मी म्हटलं.

"मग ही बाकीची सगळी कुठं निघालीत?"

बाजार, दवाखाना, तहसील, तात्यांनी शिकवलेल्या सगळ्या थापा मला पाठ होत्या. पण मेलं रडूच फुटलं.

"माझ्यासाठी निघालीत, साहेब. गाडी चालू राहावी म्हणून."

साहेब मागं वळले. मग जीपकडं जाता जाता म्हणाले, "उद्या ये. जागा मिळेल."

संध्याकाळच्या गाडीनं गाव परतलं. तात्या उतरले तेच माझ्यावर खेकसत, "आगं, व्हतीस कुठं? आमी पार कॉलेजात हुडकून आलो." खरंच, अख्खं गाव कोंबडीसकट माझ्या वर्गाच्या दारापर्यंत जाऊन आलं होतं.

आई शेवटी उतरली. साडी पार चुरगळली होती. माझ्याकडं बघत म्हणाली, "लई मोठं हाय गं तुझं कॉलेज."