मण्याच्या भोकातली काळी माती

जाफराबादच्या पुढे एका गावाबाहेर जुनं टेकाड आहे. गावात त्याला पांढरी म्हणतात. कधीकाळी तिथं माणसं राहिली, म्हणून माती राखेसारखी पांढुरकी. भोवतीची कापसाची जमीन ती काळी.

तिथल्या उत्खननात आम्ही दोघं एकाच खड्ड्यावर होतो. ती पुण्याची, प्रबंधासाठी आलेली. मी जुना जालन्याचा, नोंदी ठेवायला. मोजपट्टीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. "काय करून राह्यलायस?" अशी ती माझी नक्कल करायची आणि मी मुद्दाम अजून तसाच बोलायचो. प्रेम म्हणायला आम्हाला तेवढं पुरत होतं.

खालच्या थरात तीन आठवडे खापरांशिवाय काही निघेना. तिचं जेवणातही लक्ष लागेना. एका सकाळी टेकाडाखालच्या नांगरलेल्या रानात मला एक लाल मणी दिसला. चहाच्या सुट्टीत मी तो खड्ड्याच्या तळाशी बोटानं दाबला आणि वर माती सारली. तिला हसताना पाहायचं होतं, बस्स. संध्याकाळी सांगून टाकू, चिडेल, मंग हसेल, असा बेत.

तिच्या खुरपीला मणी लागला आणि ती ओरडलीच. माझा दंड घट्ट धरला.

आमच्या कामात वस्तूपेक्षा तिची जागा मोठी. जागा खोटी निघाली तर वस्तू म्हणजे नुसता खडा. म्हणून 'जागेवरच मिळाला' असं वहीत लिहून खाली सही करायची असते. वही माझ्याकडे होती.

खड्ड्यावर मजुरीला येणाऱ्या एक मावशी होत्या, मेंढरं विकून कामाला लागलेल्या. त्यांनी मणी उजेडात धरला.

"साहेब, ह्याच्या भोकात काळी हाय. आपला समदा खड्डा पांढरा. मंग ही काळी कुठून आल्ती?"

"मावशी, तुम्ही पाट्या उचला," मी म्हणालो.

"उचलते की. मी अडाणी, मला काय कळतंय!"

ती माझ्याकडे वळली. "तू इथंच होतास ना? जागेवरच होता ना मणी?"

"बिलकुल," मी म्हणालो. आणि सही केली.

मणी न धुताच डबीत गेला. त्याच्यावर तिच्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहिलं. आमच्या लग्नाचं बोलणंही तेव्हाच चाललं होतं. रोज सांगायचं ठरवायचो, रोज राहून जायचं.

पुढे एका चर्चासत्रात कुणीतरी विचारलं, इतक्या खालच्या थरात हा मणी कसा? तिनं व्यासपीठावरून माझ्याकडे हात केला. "नोंद यांची आहे."

यांची. नवऱ्याबद्दल बोलावं तसं. मी मान डोलावली.

महिन्याभरानं ती जालन्याला आली. टेबलावर डबी ठेवली, शेजारी सुई, कागदावर चिमूटभर काळी माती.

"मावशींनी सांगितलं होतं. मी त्यांचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं."

"तुझ्यासाठीच केलं गं."

"मणी माझ्यासाठी. मंग सही कुणासाठी केलीस?"

त्या 'मंग'मध्ये नक्कल नव्हती. डबी उचलून ती गेली, ती गेलीच.

ते प्रकरण तिनं स्वतःच काढून टाकलं. कारण लिहिलं: 'नोंद तपासून घेण्यात माझी चूक झाली.' माझं नाव कुठंच नाही. तिच्या मार्गदर्शकांनी तिला काय काय ऐकवलं, ते मला इतरांकडून कळत होतं. एक पत्र लिहून मी ते थांबवू शकलो असतो. कागदही समोर घेतला होता.

मी ते होऊ दिलं.