हाळीला ओ कुणी दिली?

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि स्पष्टच सांगतो, बहुतेक वाचून हसू येतं. तीच लिफ्ट मागणारी बाई, तेच पिंपळाचं झाड, आणि शेवटी गावातला म्हातारा येऊन सांगणार की ती तर कधीच वारली. अरे, जरा तरी डोकं चालवा. मी अंबडला एका कारखान्यात भट्टीच्या खात्यात नोकरी केली. तिथे काही बिघडलं की कारण सापडतंच, आणि नाही सापडलं तर शोधणारा कामचुकार असतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हे लिहितोय ते एवढ्यासाठीच की माझ्याकडचं एक प्रकरण काही केल्या बंद होत नाहीये... आणि बायको म्हणते, लोकांना नावं ठेवण्यापेक्षा एकदा स्वतःचं लिहा.

तर बायको — सुनंदा. माहेर मखमलाबादचं, फुलशेतीवालं घर. दमा लहानपणापासून, आणि हौस काय, तर डोंगर चढायची. डॉक्टरांनी चढायला मनाई केली नव्हती, धुराला केली होती. "धुरात सापडल्या आणि जवळ दवाखाना नसला, तर मी काही सांगू शकत नाही," असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घ्यायचं काय कारण होतं कोण जाणे, ती दाराआडून सगळं ऐकत होती.

ही गोष्ट दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची. होळी झाली की आमच्याकडे त्र्यंबकच्या पुढचे डोंगर पेटायला लागतात. कुठे नागलीच्या रानासाठी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा आणि फांद्या पसरून जमीन भाजून काढतात. कुठे नवं गवत यावं म्हणून उतार जाळतात. कुठे कुणा दिवट्याची विडी. शहरातली ट्रेकर मंडळी ह्यातलं काही बघत नाहीत, रविवार आला की निघाले. मी मात्र रीतसर आखणी करायचो. खोडाळ्याच्या एसटीवरचा एक कंडक्टर ओळखीचा होता. शुक्रवारी संध्याकाळी त्याला सीबीएस स्टँडवर गाठायचं आणि कुठली बाजू जळली, कुठली उभी आहे, धूर कुठे धरून राहतो ते विचारून घ्यायचं. माझा नियम एकच — जो उतार आधीच जळून काळा झालाय, त्यानंच चढायचं आणि त्यानंच उतरायचं. जळलेलं पुन्हा जळत नाही. पाय काळे होतात, होऊ देत.

आमच्या ग्रुपला एक लीडर होते. त्यांना सगळे 'सर' म्हणायचे. कसले सर ते विचारू नका, त्यांनी कुणाला काही शिकवलेलं मी तरी पाहिलं नाही. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी आणि प्रत्येक वळणावर घोषणा. माझ्या आखणीला ते "साहेबांचं धुराचं पंचांग" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

एप्रिलमधला रविवार. बसगडला जायचं ठरलं. निरगुडपाड्याकडची बाजू जळून गेलीय, असं कंडक्टरनं खात्रीनं सांगितलं होतं. आम्ही पाच जण — सर, मी, सुनंदा, माझ्या खात्यातला रवी आणि रवीचा मेहुणा. सकाळीच चढलो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, वर मातीत अर्धा गाडला गेलेला दरवाजा, त्यातून सरपटत आत जायचं. सुनंदा मस्त होती. "तुमचं पोट ह्यात अडकलं तर आम्ही उरलेला जन्म आत काढायचा का?" असं मलाच चिडवत होती. वरून वैतरणेचं पाणी लख्ख दिसत होतं. धुराची रेघसुद्धा नाही.

उतरताना खिंडीत आलो आणि सरांना हुक्की आली. "आलो तसंच काय परत जायचं? ही डोंगराची पलीकडची सोंड उतरू. खाली पाडा आहे, तिथून जीप मिळेल."

मी म्हटलं, "सर, तिकडे गवत उभं आहे. ती बाजू जळलेली नाही."

"धूर दिसतोय का कुठे?"

आता धूर दिसल्यावरच आखणी करायची असती, तर मी त्या कंडक्टरच्या मागेमागे कशाला फिरलो असतो? पण रवीच्या मेहुण्याला थ्रिल हवं होतं, आणि सुनंदा म्हणाली, "अहो चला ना, प्रत्येक ठिकाणी काय वाद घालायचा." गेलो.

कमरेएवढं पिवळं गवत, वाळून कोळ झालेलं. पाय टाकला की भुसा उडायचा. निम्मी सोंड उतरलो असू, तेवढ्यात सुनंदा एका मोठ्या दगडापाशी मटकन बसली. छाती घरघरायला लागली. पंप मारला, परत मारला, फरक नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली, ओठ निळसर. तिला एक अक्षर बोलता येईना. पाणी देऊ का विचारलं तर मानही हलवेना. मी तिचा हात धरून बसलो. घाबरलो होतो, खरंच सांगतो. इथून उचलून न्यायचं म्हटलं तरी दवाखाना त्र्यंबकला.

आणि सर उभे राहून प्राणायामाचं महत्त्व सांगत होते. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते उलटून बोलले, मी आणखी बोललो... तिच्या डोक्यावरून आमची चांगलीच जुंपली. रवी आपला टोपीनं वारा घालत होता, तेवढाच एक माणूस कामाचा. बऱ्याच वेळानं तिचा श्वास खाली बसला. आवाज अजून फुटत नव्हता. मी आणि रवीनं दोन्ही बाजूंनी धरून तिला हळूहळू खाली आणलं.

सोंड संपते तिथे रानाच्या बांधावर एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल, कपाळाला ह्या आठ्या. समोर उताराच्या कडेनं सुका पाला आणि फांद्या पसरून ठेवलेल्या, हातात काडेपेटी.

"आले का सगळे? अजून कोण हाय वर?"

"कोणी नाही, आम्ही पाचच. का?"

"का म्हंजे? कवाचा बसलोय. हे पेटवून लग्नाला जायचं होतं. आता वारा बी सुटला."

"मग थांबलात कशाला?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ह्याला कुणी काही शिकवलंच नाही. "आमच्यात हाळी दिल्याबिगर काडी लावत नाय. खालून हाक मारायची, कोण हाय का डोंगरात. गुराखी असतो, लाकडाला गेलेली बाई असती. वरून ओ आली तर थांबायचं. मी हाळी दिली, बाईनं ओ दिली."

"काय म्हणाली?"

"दादा, पेटवू नका, मला श्वास घेता येत नाही, आम्ही दगडापाशी बसलोय. मी परत हाळी दिली, तर परत तेच. मंग काय करतो, बसलो."

आमच्यातलं कुणीही हाळी ऐकल्याचं बोललं नव्हतं. आणि आमच्यात बाई एकच. सर खो खो हसले, म्हणाले, उन्हाचा भास. मी म्हटलं, लाकडाला गेलेली दुसरी कुणी असेल. तो वैतागला. "आख्खा पाडा लग्नाला गेला. अन् आमची बाई असं पुस्तकातलं बोलल का?"

तेवढ्यात सुनंदाला कंठ फुटला. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दादा, थोडं पाणी मिळेल का?"

त्यानं कॅन पुढे केला आणि म्हणाला, "ह्याच बाई. मगाशी आवाज साफ होता."

असल्या गोष्टी ऐकून मान डोलावणाऱ्यांतला मी नाही. रवीला म्हटलं, पुन्हा त्या दगडापर्यंत जा आणि जीव तोडून ओरड. सरांची शिट्टी मागून घेतली, पहिल्यांदाच तिचा काही उपयोग होत होता. शिट्टी आली, बारीक. मग रवी ओरडला. हात हलताना दिसत होते, पण शब्द एक कळेल तर शपथ. कळणारही नाही, कारण दुपारचा वारा दरीतून वर चढतो. हे मला नवीन नाही, माझी सगळी आखणी त्या वाऱ्यावरच चालायची. खालची हाळी वर जाऊ शकते. वरचं खाली येत नाही.

रवी परतल्यावर त्या माणसानं काडी लावली. सुनंदाला आम्ही आधीच वाऱ्याच्या उलट बाजूला लांब रस्त्यावर नेऊन बसवलं होतं. रवी बूट काढून कुसळं झटकत होता. त्याचा दुसरा बूट पायात चढायच्या आत तो दगड जाळात आणि धुरात दिसेनासा झाला. सुनंदा बघत होती.

आता खुलासे ऐका. सर नंतर दर ट्रेकला नव्या पोरांना सांगायचे की गडावरच्या देवीनं आम्हाला वाचवलं, आणि हे सांगताना सोंड उतरायची अक्कल कुणाची होती ते गाळायचे. रवी म्हणतो प्रतिध्वनी. कशाचा रे बाबा? तोंडातून आवाजच निघाला नव्हता. मेहुण्याचं म्हणणं, त्या माणसानं रचून सांगितलं. कशासाठी? त्याचं लग्नाला जाणं चुकलं, त्यानं आम्हाला वर चार शिव्या दिल्या आणि वाटेला लावलं. ज्याला आपल्यामुळे जेवणावळ बुडवावी लागली, तो आपलं मन रमवायला गोष्टी रचत बसत नाही.

सुनंदाला मी लगेच काही विचारलं नाही. पुष्कळ दिवसांनी, ती गवार निवडत बसली होती तेव्हा विषय काढला.

ती म्हणाली, "हाळी मला ऐकू आली की. दोनदा. तुम्हाला नाही आली?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कशी सांगणार? बोलता कुठे येत होतं. पेटवू नका, पेटवू नका, असं मनातल्या मनात ओरडत होते. तुमचा हात किती दाबला मी. तुम्ही सरांशी भांडत होतात."

एवढं बोलून ती गवार घेऊन आत गेली. कारण मला अजून सापडलेलं नाही. ती ओरडली, ते एवढी सोंड उतरून, वाऱ्याच्या विरुद्ध, एका अनोळखी माणसाला दोनदा ऐकू गेलं, शब्द न् शब्द. मी तिचा हात धरून शेजारी बसलो होतो. मला काहीच ऐकू आलं नाही.