गुडघ्याला लावलेलं जेल

स्पिरिटचा वास आला की परळचा तो दवाखाना आठवतो. माझ्या छातीत गाठ लागली होती, आणि कॅन्सरच्या धास्तीने मी अर्धा झालो होतो. डॉक्टरांनी विचारलं, “काही औषध लावता?” मी खिशातली ट्यूब काढली, “गुडघ्याला हे, दोन महिने.” शेजारी बसलेली बायको ओरडली, “अहो, ते माझं हार्मोनचं जेल! पाळी गेल्यावर दिलेलं!” डॉक्टर हसले, “बायकांचं हार्मोन अंगात जाऊन छाती सुजलीय. बंद करा, सूज उतरेल.” “पण ही गाठ फार दुखते हो,” मी कण्हलो. “मलाही छातीत दुखतं,” ती हळूच म्हणाली, “भीतीने बोलले नाही.” डॉक्टरांनी हसणं थांबवून तिला मॅमोग्राफीला पाठवलं. तिच्या तपासणीत काही निघालं नाही. पण ती आत असताना मी बाहेर ज्या देवांना साकडं घातलं, त्यातले निम्मे मला आजही ओळखत नसतील.